पाण्यावरची रेघ

स्कीची होडी पुढून पाहू नये, मागून पाहावी. पुढून ती चारचौघींसारखी मोटरबोट असते: निमुळती नाळ, कललेली काच, चकचकीत रंग. तिचं वेगळेपण ती निघून गेल्यावर कळतं. ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या वेगानं ती पुढे जाते आणि मागे पाण्यावर दोन रेघा उमटतात. मधला पट्टा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट, आणि त्याच्या दोन्ही कडांना गुडघ्यापर्यंतही न येणारी, मऊ खांद्यांची लाट. ही लाट म्हणजे त्या होडीचं हस्ताक्षर. दोरीच्या टोकाला धरून स्की करणारा माणूस तीच लाट या बाजूनं त्या बाजूला ओलांडत असतो. ती उंच झाली, टणक झाली, की त्याला झुगारून देते. म्हणून अशा होड्या बांधणाऱ्यांनी कित्येक दशकं एकच ध्यास घेतला: होडी भक्कम, इंजिन जोरकस, आणि तरीही पाण्यावर रेघ हलकी.

आपल्या भाषेत पाण्यावरची रेघ हा क्षणभंगुरतेचा दाखला. उमटली आणि मिटली. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका तलावाकाठी राहायला आल्यावर मला पहिल्यांदा उमगलं, की ही मिटणारी रेघ नेटकी उमटावी यासाठी माणसं हिवाळेच्या हिवाळे खर्च करतात. माझ्या शेजाऱ्यानं असे दोन हिवाळे खर्च केले. हा निवृत्त सुतार. त्याच्याकडे सत्तरच्या दशकातली, अठरा फुटी, फायबरची स्कीची होडी होती. तिच्या मधोमध बसवलेलं मोठं इंजिन गेलं, तेव्हा त्यानं होडी आतून पुन्हा उभी केली आणि मागे आउटबोर्ड, म्हणजे पाठीला बाहेरून अडकवायचं, इंजिन लावलं. त्या कामात मी त्याच्या हाताखाली होतो. काम संपलं तेव्हा माझ्या मनात आलं, की एखाद्या कवितेच्या नव्या पाठासारखी ही होडी ओळीओळीनं वाचता येते. तिचा मूळ बंध काय होता, त्यातलं काय बदललं, काय राखलं, आणि बदलूनही अर्थ कसा टिकला, हे सगळं तिच्या अंगावर लिहिलेलं आहे. तेच इथं उलगडून पाहायचं आहे.

आधी घराणं पाहू. लेक पेपिन हा मिसिसिपी नदीचाच फुगून तलाव झालेला भाग. त्याच्या मिनेसोटाकडच्या काठावर लेक सिटी नावाचं गाव आहे. तिथं १९२२ च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएल्सन या अठरा वर्षांच्या मुलानं पाण्यावर उभं राहून घसरत जाण्याचा नाद घेतला. पिंपाच्या वाकड्या फळ्या बांधून पाहिल्या, बर्फावरच्या स्की बांधून पाहिल्या, दोन्ही बुडाल्या. मग त्यानं पाइनच्या आठ फूट लांब, नऊ इंच रुंद फळ्या घेतल्या, त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली आणि भावाला होडी चालवायला बसवलं. अनेक दिवस तो पडत राहिला. २ जुलैला त्यानं अंग मागे टाकलं, फळ्यांची टोकं पाण्याबाहेर ठेवली, आणि तो उभा राहिला. त्याला ओढणाऱ्या होडीत ट्रकचं जुनं इंजिन बसवलेलं होतं. त्यानं पेटंट घेतलं नाही. ते फ्रेड वॉलर या दुसऱ्या माणसानं १९२५ मध्ये स्वतंत्रपणे घेतलं. सॅम्युएल्सनच्या पहिलेपणाला मान्यता मिळाली ती १९६६ मध्ये.

लेक पेपिनच्या पैलतीरावर विस्कॉन्सिन राज्य लागतं. त्याच राज्यातल्या मिलवॉकी शहरात ओल एव्हिनरूड या नॉर्वेहून आलेल्या कारागिरानं १९०९ मध्ये होडीच्या मागे अडकवायचं सुटं इंजिन विकायला काढलं होतं. एक सिलिंडर, दीड अश्वशक्ती, वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास. धंद्याची पत्रं आणि जाहिराती त्याची बायको बेस सांभाळायची. या इंजिनानं होडीचा मालक मोकळा झाला. इंजिनासाठी होडी फोडायला नको, तळाला भोक पाडायला नको. संध्याकाळी इंजिन काढून खांद्यावर टाकून घरी न्यावं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर आउटबोर्ड इंजिनं ताकदवान होत गेली, आणि पाण्यावरची स्की श्रीमंतांच्या हौसेतून उठून साध्या कुटुंबांच्या सुट्टीत आली, ती याच इंजिनांच्या मागे दोरी बांधून. फ्लोरिडातल्या सायप्रस गार्डन्सपासून विस्कॉन्सिनमधल्या गावोगावच्या संघांपर्यंत जे स्कीचे खेळ रंगायचे, त्यांतल्या माणसांच्या मनोऱ्यांना ओढायला दोन-दोन, तीन-तीन आउटबोर्ड एका ओळीत लावलेल्या होड्या लागत. तेव्हा माझ्या शेजाऱ्यानं जे केलं त्याला कुणी भेसळ म्हटलं, तर त्याला हे घराणं दाखवावं. स्की आणि आउटबोर्ड ही एकाच पाण्याच्या दोन काठांवरची नात्यातली माणसं आहेत.

मग स्कीच्या होडीत इंजिन मधोमध का गेलं? याचं उत्तर स्पर्धेत आहे. स्लालमच्या स्पर्धेत होडीनं २५९ मीटरचा सरळ मार्ग अजिबात न ढळता कापायचा असतो. मागचा खेळाडू मात्र मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर तरंगणाऱ्या सहा चेंडूंना आलटून पालटून उजवीकडून, डावीकडून वळसा घालतो. पुरुषांच्या स्पर्धेत होडीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांच्या स्पर्धेत ५५. प्रत्येक वळशाला तो खेळाडू दोरीच्या जोरावर होडीला बाजूला खेचत असतो. होडीनं खेचलं जायचं नाही, डुलायचं नाही, वेग सोडायचा नाही आणि लाटही उठवायची नाही. लिओ बेंट्झ या स्की-शिक्षकानं फ्लोरिडात या मागण्या पुऱ्या करणारा फायबरचा तळ घडवला, आणि करेक्ट क्राफ्ट या कारखान्यानं १९६१ पासून तो स्की नॉटिक या नावानं काढला. त्यानंतर या होड्यांचं एक व्याकरणच ठरून गेलं. शेजाऱ्याची होडी त्याच व्याकरणात बांधलेली होती.

ते व्याकरण असं. इंजिन होडीच्या बरोबर मध्यावर. त्याच्यापासून एक पोलादी दांडा थोडा उतरत जाऊन तळाला भेदतो आणि पंख्याला फिरवतो. पंखा होडीच्या पोटाखालीच, मागच्या कडेच्या बराच आत. त्याच्यामागे सुकाणू. तळाच्या मध्यरेषेवर, माशाच्या परांसारखे धातूचे छोटे पर. बाजूनं ओढ आली तरी होडी सरळ ठेवायचं काम त्यांचं. इंजिनाच्या लगेच पुढे एक खांब, आणि दोरी त्या खांबाला. तळ नाळेशी टोकदार, पण मागे येता येता जवळजवळ सपाट झालेला.

यातली प्रत्येक गोष्ट दुसरीला धरून आहे. वजन मध्यावर, म्हणून होडी पाण्यावर सपाट बसते. सपाट बसते, म्हणून लाट हलकी. खांबही मध्याजवळ, म्हणून खेळाडूनं बाजूला ओढलं तरी होडीची शेपूट फिरत नाही. ओढ तिच्या तोलाच्या बिंदूपाशीच येऊन विरते. तीच दोरी होडीच्या मागच्या कडेला बांधून पाहा, दर वळशाला शेपूट फरफटेल. चांगल्या ओवीतला एक शब्द हलवला की लय जाते, तशी ही बांधणी आहे. तिच्यात फाजील काही नाही. आणि म्हणूनच तिच्यातलं इंजिन हलवायचं म्हणजे शब्द नव्हे, सगळी ओवी नव्यानं बसवायची.

हे करायची वेळ आली ती थंडीमुळे. मिनेसोटाचा हिवाळा तलाव गोठवतो. मधल्या इंजिनाच्या पोटात थंडाव्यासाठी तलावाचंच पाणी खेळत असतं. पाणी गोठताना त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्के वाढतं, आणि ओतीव लोखंडाला ताणणं ठाऊक नसतं. एका शरदात ते पाणी पुरतं काढायचं राहिलं होतं. वसंतात झाकण उघडलं तेव्हा इंजिनाच्या कुशीवर वीतभर लांबीची केसासारखी बारीक रेषा होती. शेजाऱ्यानं त्या रेषेवरून बोट फिरवलं आणि झाकण लावलं. आउटबोर्ड उभं ठेवलं की त्यातलं पाणी आपोआप खाली निथळतं. रूपांतराचं पहिलं कारण इतकं साधं होतं.

पण इंजिन निवडण्याआधी त्यानं जे केलं, ते मला या साऱ्या कृतीतलं सर्वांत मोठं वाटतं. त्यानं होडीची संहिता तपासली. जुन्या पोथीची संशोधित आवृत्ती काढणारा अभ्यासक आधी कुठं अक्षर मूळ आहे आणि कुठं कसरीनं खाल्लंय ते पाहतो, तसा तो एक छोटी लाकडी हातोडी घेऊन तळ, तुळया, पाठ ठोकत गेला. शाबूत जागी टणत्कार यायचा. कुजलेल्या जागी आवाज धप्प व्हायचा, शाई गेलेल्या मृदंगासारखा. जिथं आवाज बदलला तिथं पेन्सिलीनं खूण. मग बारीक ड्रिलनं तिथं भोक पाडून बाहेर येणारा भुसा तळहातावर घ्यायचा. पांढरा आणि कोरडा आला तर लाकूड जिवंत. काळा आणि ओला आला तर मेलेलं.

फायबरच्या होडीत लाकूड कुठलं, असं वाटेल. त्या काळच्या बहुतेक फायबरच्या होड्यांच्या पोटात लाकूड असतं: तळाला लांबीनं आधार देणाऱ्या तुळया, त्यांना इंग्रजीतून स्ट्रिंगर म्हणतात, तळाची जमीन, आणि होडीची सपाट पाठ, म्हणजे ट्रान्सम. वरून काचतंतू आणि रेझिनचं कवच. कवच नासत नाही. नासतं ते आतलं लाकूड, आणि तेही एखाद्या खुर्चीचा किंवा पट्टीचा स्क्रू बसवताना पाडलेल्या आणि आतून न लिंपलेल्या भोकातून. पाव इंचाच्या त्या भोकातून पाणी शिरतं आणि बाहेर पडायला त्याला वाट राहत नाही. या होडीच्या दोन्ही तुळया मागच्या निम्म्या लांबीत हातानं कुस्करता येतील इतक्या मऊ झाल्या होत्या. जमिनीखाली भरलेला फेस पाणी पिऊन जड झाला होता. बाहेरून होडी चकाकत होती.

जमीन कापून काढण्याआधी त्यानं होडी फळ्यांच्या पाळण्यात बसवली आणि तळाला ठिकठिकाणी टेकू दिले. कणा काढल्यावर तळ स्वतःच्या वजनानं सैल पडतो. त्याच अवस्थेत नव्या तुळया बसवल्या तर तो बाक कायमचा होतो. मागच्या बाजूला तळ आत वळला तर होडी नाक पाण्यात खुपसते, बाहेर फुगला तर डॉल्फिनसारखी उड्या घेत जाते. म्हणून दोन टोकांना दोरा ताणून तो रोज तळाची सरळ रेषा मोजायचा. दोन हिवाळ्यांतला मला आठवणारा सर्वांत शांत क्षण तोच: गॅरेजमध्ये हीटरची घरघर, बाहेर बर्फ, आणि हा म्हातारा गुडघ्यांवर वाकून दोरा आणि तळ यांमधली फट पाहतोय.

नव्या तुळया, नवी जमीन, त्यांवर काचतंतूंचे थर. जुन्या कवचावर नवा थर धरावा म्हणून त्यानं इपॉक्सी वापरलं, कारण वाळून गेलेल्या जुन्या थराला ते पॉलिएस्टर रेझिनपेक्षा घट्ट धरतं. इपॉक्सी थंडीत नीट जमत नाही, म्हणून तो हीटर. जमल्यावर त्याच्यावर मेणासारखा पातळ थर येतो. तो साध्या पाण्यानं धुऊन मगच पुढचा थर. यात घाई केली तर दोन थर एकमेकांना शिवूनही चिकटत नाहीत, आणि ते कुणाला दिसतही नाही.

मग तळातली आणि पाठीवरची भोकं. दांड्याची वाट एक, दांड्याला तोलणाऱ्या कंसाच्या बोल्टांची चार, सुकाणूचं एक, पाणी आत घेणारं एक, आणि पाठीवर धुराड्याची दोन. मोजून नऊ. भोकात लुकण भरून वर रंग मारला तर पहिल्याच मोसमात ते निखळतं. रीत अशी, की कवच जितकं जाड त्याच्या बारापट रुंदीचा उतार भोकाभोवती घासून काढायचा. सहा मिलिमीटरच्या कवचाला चहूबाजूंनी बहात्तर मिलिमीटर. त्या उथळ बशीत मापानं वाढत जाणारे काचतंतूंचे गोल बसवत यायचं. नऊ भोकांना नऊ बश्या. एवढंसं भोक बुजवायला एवढी चांगली जागा का उतरवायची, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ठिगळाला कड ठेवली की ती कड उचकटते. कडच राहू द्यायची नाही." चांगल्या अनुवादाचंही हेच सूत्र आहे.

इथवर पुनरुज्जीवन झालं. आता रूपांतर. रूपांतराचं मर्म पाठीत आहे. मूळ होडीत पंख्याचा रेटा दांड्यातून इंजिनाकडे, इंजिनातून तुळयांकडे जायचा. सगळी होडी तिच्या पोटातून ढकलली जायची. मागच्या पाठीचं काम फक्त पाणी आत न येऊ देणं. म्हणून ती पातळ होती. आउटबोर्ड लावलं की हाच रेटा पाठीवर येतो, आणि इंजिनाचं वजनही तिच्यावरच लोंबतं. कालपर्यंत पडदा असलेल्या भिंतीला आज खांब व्हायचं असतं. रूपांतरातली ही सर्वांत नाट्यमय ओळ.

त्यानं पाठीचं आतलं कवच कापून काढलं, जुनं प्लायवुड खरवडलं आणि समुद्री दर्जाच्या प्लायवुडचे दोन थर चिकटवून नवा गाभा बसवला. कवचासकट जाडी दोन इंचांच्या आसपास. पण जाड पाठ पुरेशी नसते. तिला धरायला कुणीतरी हवं. म्हणून दोन्ही तुळयांच्या टोकांपासून पाठीवर चढत जाणारे त्रिकोणी गुडघे बसवले. आता पाठीवर येणारा रेटा गुडघ्यांतून तुळयांत उतरतो, आणि तुळयांतून साऱ्या तळात पसरतो. म्हणजे होडी पुन्हा पोटातूनच ढकलली जाते; फक्त निरोप मागच्या दारानं येतो. इंजिनाच्या चार बोल्टांची भोकंही त्यानं आधी मोठी पाडली, इपॉक्सीनं भरली आणि त्या भरावातून पुन्हा पाडली. पाण्याला आता लाकूड दिसतच नाही. जुनी होडी ज्या चुकीनं कुजली, ती चूक नव्या होडीत होऊ नये याची ही सोय. नवी आवृत्ती काढताना जुन्या आवृत्तीच्या चुका वाचाव्यात, त्या अशा.

यानंतर प्रश्न संयमाचा. इंजिन केवढं घ्यायचं? अमेरिकेत वीस फुटांखालच्या आउटबोर्ड होड्यांवर कमाल अश्वशक्ती लिहिलेली पट्टी लागते. मधल्या इंजिनाच्या होडीच्या पट्टीवर तो आकडाच नसतो. म्हणून नियमातलं सूत्र घेऊन तो स्वतः बसला. लांबी अठरा फूट, पाठीची रुंदी साडेसहा फूट, गुणाकार ११७. सुकाणू चक्रानं फिरणारं आणि पाठ वीस इंच उंच असेल तर याची दुप्पट करून त्यातून ९० वजा: १४४. नियमाप्रमाणे वर नेऊन १४५. तिथवर जायची मुभा होती. त्यानं ११५ अश्वशक्तीचं घेतलं. कारण मूळ व्ही-आठ इंजिन गिअरसकट साडेतीनशे किलोंच्या पुढचं असलं तरी ते मध्यावर होतं. नवं इंजिन १६५ किलोंच्या आसपास, पण ते अगदी शेवटच्या टोकाला. तराजूच्या मध्यावर ठेवलेला धोंडा काही करत नाही. टोकाला ठेवलेलं मापच पारडं झुकवतं.

तोल राखण्यासाठी त्यानं होडीचं पोट नव्यानं मांडलं. बॅटरी नाळेखाली नेली. जिथं जुनं इंजिन होतं तिथं पेट्रोलची टाकी. पंच्याहत्तर लिटर पेट्रोल म्हणजे पंचावन्न किलोंच्या घरातलं वजन, आणि ते तोलाच्या बिंदूपाशी असल्यामुळे टाकी भरलेली असो वा रिकामी, होडीची बैठक बदलत नाही. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. ज्या जागेनं होडीला स्थैर्य दिलं होतं, त्या जागेला त्यानं पुन्हा स्थैर्याचंच काम दिलं.

आणि त्यानं दोन गोष्टींना हात लावला नाही. तळावरचे पर तसेच ठेवले. आउटबोर्डच्या होडीला ते लागत नाहीत, उलट वळताना थोडा अडसर करतात, असं त्याला एकानं सांगितलं होतं. पण ही होडी सरळ जाण्यासाठी जन्मली आहे, वळण्यासाठी नाही. दुसरी गोष्ट खांब. तो त्याच जागी राहिला, फक्त उंच झाला, कारण दोरीला आता मागच्या इंजिनाच्या डोक्यावरून जायचं आहे. उंच खांबाला उलथवणारा जोर जास्त, म्हणून त्याचं बूड थेट तुळयांना बांधलं. पर आणि खांब हे या होडीच्या अर्थाचे दोन शब्द. बाकी वाक्य बदललं तरी हे दोन राहिले, म्हणून अर्थ राहिला.

पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणलं, १९७५ मध्ये. लंडनच्या गल्लीतली बोली जशीच्या तशी मराठीत येणं शक्य नव्हतं. तिच्या जागी त्यांनी आपल्या मातीतली बोली आणली, आणि नाटक मराठी झालं. यंत्र बदललं, चाल राहिली. होडीचं असं रूपांतर पाहताना मला हाच दाखला आठवतो. सुटे भाग जसेच्या तसे ठेवणं ही निष्ठेची एक रीत. कृतीचा हेतू ओळखून त्याला नवं अंग देणं ही दुसरी, आणि जास्त कठीण.

जूनच्या एका सकाळी होडी पाण्यात उतरली. इंजिनाच्या पायाची, पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या पातळीत होती. पंखा सतरा इंच पिचचा, म्हणजे घसरण धरली नाही तर एका फेऱ्यात सतरा इंच पुढे नेणारा. इंजिनाचे मिनिटाला साडेपाच हजार फेरे, गिअरचं प्रमाण २.०७, म्हणजे कागदावर ताशी ६९ किलोमीटरच्या आतबाहेर. पाण्यातली दहा-बारा टक्के घसरण वजा केली तर साठ. स्लालमचा ५८ चा वेग त्यात जेमतेम मावतो. हौशी स्कीसाठी त्याहून कमीच लागतो.

आम्ही निघालो तेव्हा शेजाऱ्यानं चक्र माझ्या हातात दिलं आणि स्वतः मागे तोंड करून बसला. त्याला पुढचं काही पाहायचं नव्हतं. होडी उचलून सपाट झाली, आणि मीही एकदा वळून पाहिलं. दोन रेघा, मधला पट्टा स्वच्छ.

रसग्रहणात उणं दाखवायचं टाळू नये. मंद वेगात या होडीची शेपूट आता जरा बसते आणि तेव्हा लाट पूर्वीपेक्षा उंच होते. इंजिनाचा पाय आत घेऊन नाक दाबलं तर ती कमी होते, पण पुरती जात नाही. ताशी पंचेचाळीसच्या पुढे ती लाट आणि माझ्या आठवणीतली जुनी लाट यांत मला फरक करता येत नाही. मागची फळी, जिच्यावर बसून माणसं स्की बांधायची, ती आता इंजिनाच्या दोन बाजूंना दुभंगली आहे. पूर्वी पंखा होडीच्या पोटाखाली होता, आता तो पाण्यातल्या माणसाच्या बाजूलाच आहे. म्हणून माणूस जवळ आला की इंजिन पूर्ण बंद, हा नियम या होडीत कधीही मोडायचा नाही. आणि तो आवाज गेला. व्ही-आठ इंजिनाचा धूर पाण्यालगत सुटायचा, तेव्हा तलावावर एक खोल, ओली गुरगुर पसरायची. आउटबोर्डचा धूर पंख्याच्या मधून पाण्याखाली जातो. सकाळी सहाला तलावकाठची घरं आता जागी होत नाहीत, हे खरं. पण ज्यांनी ती गुरगुर ऐकली आहे, त्यांना ती आठवणार.

याच्या बदल्यात मिळालं तेही थोडं नाही. जुनी होडी मागे घेताना सुकाणूला जुमानायची नाही, एकाच बाजूला सरकायची. आता इंजिनच वळतं, म्हणून ती धक्क्याला म्हातारीच्या हातूनही लागते. मधोमध जिथं इंजिनाची पेटी होती, तिथं टाकीवर एक बैठक आली आहे. तिच्यावर नातवंडं बसतात आणि मागे पाहतात.

मी रत्नागिरीच्या खाडीकाठी वाढलो. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवलेल्या असत. त्या काळात फळ्या बदलायच्या, फटी बुजवायच्या, तेल-रंग व्हायचे, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी पुन्हा पाण्यात जायची. तिथं होडीची ओळख आजही सिलिंडरवरून सांगतात: एक सिलिंडरची, दोनची, सहाची. शिडाच्या होड्यांना इंजिनं लागली तेव्हा डोलकाठी गेली, शीड गेलं, आणि होडीचं नावही इंजिनाकडे गेलं. मिनेसोटात फरक एवढाच, की पावसाळ्याऐवजी हिवाळा होड्यांना काठावर बसवतो. इथंही लोक आधी विचारतात, इंजिन कुठलं? माझ्या शेजाऱ्याला कुणी असं विचारलं तर तो ब्रँड सांगत नाही. तो म्हणतो, "तळ तोच आहे."

या होडीचं सारं सौंदर्य त्या तीन शब्दांत आहे. इंजिन म्हणजे तिचा आवाज, आणि आवाज वयाबरोबर बदलतो. तळ म्हणजे तिचा स्वभाव. त्यानं स्वभाव आधी वाचला, त्याला जे पेलेल तेवढंच इंजिन दिलं, आणि नियमानं दिलेली उरलेली मुभा न वापरता सोडून दिली. म्हणून हे काम मला दुरुस्तीपलीकडचं, रचनेच्या पंक्तीला बसणारं वाटतं.

तुमच्याकडे कुठं एखादी जुनी होडी पडून असेल, तलावाकाठी असो वा खाडीकाठी, तर इंजिनाच्या दुकानात आधी जाऊ नका. लाकडी हातोडी घ्या, तिच्या तळाशी बसा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकून ऐका. तिला कुठलं इंजिन हवं आहे, ते ठरवायची वेळ त्यानंतर येते.